अर्धे वाचलेले पत्र

वसईच्या पश्चिम पट्ट्यात वाडीच्या कडेला बावखल असे. पावसाळ्यात भरणारे आणि पुढे कित्येक महिने पुरणारे हे गोड्या पाण्याचे तळे. त्यावर रहाट चाले. केळी, पानवेली, फुलझाडे त्या पाण्यावर वाढत. बावखलाचे आणखी एक काम होते, ते डोळ्यांना दिसत नसे. समुद्रकाठच्या जमिनीत खोलवर खारे पाणी असते आणि पावसाच्या गोड्या पाण्याचा थर त्यावर तरंगत असतो. बावखलातून झिरपणारे पाणी हा थर टिकवून धरी. वरचे गोडे पाणी बेसुमार उपसले की खालचे खारे पाणी वर चढते, आणि एकदा चढलेले खारे पाणी सहजासहजी उतरत नाही.

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत वसई-विरारमध्ये इमारती उभ्या राहिल्या, पण त्यांच्यासाठी पाण्याची सोय नव्हती. पाणी टँकरने आले आणि टँकर हरित पट्ट्यातल्या विहिरींवर भरले जाऊ लागले. बावखले बुजवली गेली. ज्याने जमीन विकसित केली त्याचा नफा झाला. नव्या इमारतीत कर्ज काढून घर घेतलेल्या कुटुंबाच्या वाट्याला टँकरचा खर्च आला, बागायतदाराच्या वाट्याला मचूळ विहीर आली, आणि वाडीत रोजंदारीवर राबणाऱ्या मजुराचे कामच गेले. नुकसान सर्वांचे झाले असे आपण म्हणतो, पण ते सर्वांचे सारखे झाले नाही. ज्याच्याकडे जितके कमी, त्याच्याकडून तितकी जास्त किंमत वसूल झाली.

या प्रक्रियेविरुद्ध १९८०च्या दशकाच्या अखेरीस वसईत जी चळवळ उभी राहिली, तिच्या अग्रभागी एक कॅथलिक धर्मगुरू होते. ते म्हणजे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. महाराष्ट्र त्यांना लेखक म्हणून ओळखतो. २०२० साली उस्मानाबादला भरलेल्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. हरित वसई संरक्षण समितीच्या माध्यमातून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाणी, जमीन आणि बिल्डर-राजकारणी युती यांचे प्रश्न रस्त्यावर आणले. धर्मगुरूने मिस्सेची उपासना करावी, पाप-पुण्य सांगावे, विहिरी आणि टँकर हे त्याचे काम नव्हे, असे म्हणणारे तेव्हा होते आणि आजही आहेत. त्यांना द्यायचे उत्तर कॅथलिक शिकवणीतच आहे. पण ते उत्तर आज ज्या पद्धतीने वाचले जाते, ती मला धोक्याची वाटते. चर्चच्या बाहेरच्यांनी आणि आतल्यांनीही ही शिकवण मधोमध फाडली आहे, आणि प्रत्येकाने आपल्या सोयीचा तुकडा जवळ ठेवला आहे.

आधी शिकवण काय आहे ते पाहू. १५ मे १८९१ रोजी पोप लिओ तेरावे यांनी 'रेरुम नोव्हारुम' हे पत्र प्रसिद्ध केले. अशा पत्राला एन्सायक्लिकल म्हणतात. पोपने साऱ्या चर्चला उद्देशून लिहिलेले ते शिकवणीचे पत्र असते. कारखानदारीने कामगारांची जी दैना केली होती, तिच्याविषयी हे पत्र होते. त्यात खासगी मालमत्तेचा हक्क मान्य केला होता आणि कामगाराला कुटुंब पोसता येईल एवढे वेतन मिळाले पाहिजे, त्याला संघटना करता आली पाहिजे, असेही ठामपणे सांगितले होते. पुढच्या शंभर वर्षांत ही परंपरा वाढत गेली. पोप सहावे पॉल डिसेंबर १९६४ मध्ये मुंबईला आले होते. त्यांनी १९६७ साली 'पोपुलोरुम प्रोग्रेसिओ' लिहिले, त्यात आपल्या भारतभेटीचा उल्लेख केला आणि श्रीमंत व गरीब राष्ट्रांमधली दरी हा नैतिक प्रश्न म्हणून मांडला. चौथ्या शतकातल्या मिलानच्या संत आम्ब्रोजचा आधारही त्यांनी घेतला. आम्ब्रोजचे म्हणणे असे की श्रीमंत माणूस गरिबाला देतो तेव्हा तो स्वतःचे काही देत नाही. जे मुळात सर्वांचे होते, ते तो परत करतो.

'मानवी परिसंस्था' ही संज्ञा या परंपरेत ठळकपणे आली ती १९९१ साली. 'रेरुम नोव्हारुम'च्या शताब्दीला पोप दुसरे जॉन पॉल यांनी 'चेंतेसिमुस आन्नुस' हे पत्र लिहिले. पूर्व युरोपातल्या कम्युनिस्ट राजवटी नुकत्याच कोसळल्या होत्या आणि बाजार जिंकल्याचा उन्माद सगळीकडे होता. अशा वेळी त्यांनी सांगितले की आपण प्राण्यांच्या अधिवासांची काळजी करू लागलो हे योग्यच आहे, पण माणूस माणूस म्हणून जगू शकेल अशी परिस्थिती जपण्याकडे आपले त्याहून कमी लक्ष आहे. त्याच परिच्छेदात त्यांनी बेसुमार शहरीकरणाचा प्रश्न घेतला, माणसाच्या जगण्याचा विचार करणाऱ्या नगररचनेची गरज सांगितली आणि कामाच्या ठिकाणच्या सामाजिक परिसंस्थेचाही उल्लेख केला. लगेच पुढे, कुटुंब ही या परिसंस्थेची पहिली रचना आहे, असेही त्यांनी म्हटले. शहर, कामाची जागा आणि कुटुंब या तिन्ही गोष्टी त्या संकल्पनेत जन्मापासूनच होत्या.

२००९ साली, जागतिक आर्थिक संकटाच्या छायेत, पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी 'कारितास इन वेरिताते'त हाच धागा पुढे नेला. निसर्ग आणि मानवी जीवन हा एकच ग्रंथ आहे, त्याची पाने वेगळी करता येत नाहीत, असा त्यांच्या मांडणीचा आशय होता. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांचे 'लाउदातो सी' आले. त्यावर २४ मे ही तारीख आहे. ते प्रसिद्ध झाले १८ जूनला. सहा प्रकरणांच्या आणि २४६ परिच्छेदांच्या या पत्राचा गाभा म्हणजे चौथ्या प्रकरणातली समग्र परिसंस्थेची कल्पना. पर्यावरणाचे एक संकट आणि समाजाचे दुसरे, अशी दोन संकटे नाहीत. एकच गुंतागुंतीचे संकट आहे, हे त्यातले मध्यवर्ती विधान.

त्या प्रकरणात दैनंदिन जीवनाच्या परिसंस्थेविषयी जे भाग आहेत, ते मराठी वाचकाने मुद्दाम वाचावेत. धर्माच्या पत्रात ज्या गोष्टींची आपण अपेक्षा करणार नाही, त्या तिथे आहेत: दाटीवाटीच्या वस्त्या, घरांची टंचाई, मोकळ्या सार्वजनिक जागा, शहरातली वाहतूक. वस्ती हलवायची झाली तर तिथल्या माणसांना पुरेशी माहिती द्या, पर्याय द्या आणि निर्णयात सामील करून घ्या, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. आणि हे सारे सांगून झाल्यावर, त्याच क्रमात, माणसाच्या स्वतःच्या शरीराचा आदर हा विषय येतो. झोपडपट्टीपासून शरीरापर्यंत एकच सलग विचार आहे. तो फाडला जातो तो इथेच.

एका बाजूला, मुख्यतः युरोप-अमेरिकेतल्या काही परंपरानिष्ठ गटांनी, 'मानवी परिसंस्था' या शब्दातून फक्त कुटुंब, विवाह आणि लैंगिकता एवढेच घेतले. गर्भातल्या जीवाबद्दल त्यांची कळकळ खरी असेल. पण तेच मूल जन्माला आल्यावर कुठल्या वस्तीत श्वास घेणार, त्याच्या आईला पाणी किती अंतरावरून आणावे लागणार, बापाच्या कामाच्या जागी कुठला विषारी धूर असणार, हे प्रश्न त्यांच्या लेखी राजकारणात जमा होतात. जॉन पॉल यांच्या परिच्छेदातले कुटुंब त्यांनी उचलले. शहर आणि कामगार तिथेच सोडले.

दुसऱ्या बाजूचा तुकडा अधिक लोकप्रिय आहे, म्हणून अधिक फसवाही. पत्रातली हिरवाई तेवढी घ्यायची. पर्यावरणदिनी रोपे लावायची, छतावर सौरपट्ट्या बसवायच्या, प्लास्टिकच्या पिशव्या नाकारायच्या, सृष्टीच्या सौंदर्यावर प्रवचन द्यायचे. यांतले काहीच वाईट नाही. २००८ साली व्हॅटिकनच्या मोठ्या सभागृहाच्या छतावर सुमारे २,४०० सौरपट्ट्या बसल्या, हे चांगलेच झाले. पण यातल्या कुठल्याही कृतीने जमिनीची मालकी हलत नाही, कुणाचा नफा कमी होत नाही, सत्तेतल्या कुणालाही उत्तर द्यावे लागत नाही. 'लाउदातो सी'ने नेमके या सोयीवर बोट ठेवले आहे. श्रीमंतांसाठी हिरवीगार, सुंदर, सुरक्षित वसाहत उभारायची आणि बाहेरच्यांना आत येऊ द्यायचे नाही, या प्रकाराची त्यात स्पष्ट टीका आहे. कार्बन क्रेडिटच्या खरेदी-विक्रीतून सट्टेबाजीचा नवा प्रकार जन्माला येऊ शकतो आणि प्रदूषण प्रत्यक्षात घटणार नाही, असा इशाराही आहे. झाडे लावणारे आणि हे परिच्छेद गाळणारे हात पुष्कळदा एकच असतात.

या फाटाफुटीला मी धोका म्हणतो, कारण दोन्ही तुकड्यांतून एकच गोष्ट गळून पडते: मालमत्तेविषयीची शिकवण. पृथ्वीवरची संपत्ती सर्व माणसांसाठी आहे आणि खासगी मालकी त्यानंतर येते, हा कॅथलिक सामाजिक विचाराचा जुना पाया आहे. प्रत्येक खासगी मालमत्तेवर समाजाचे गहाण असते, असे दुसरे जॉन पॉल म्हणत. फ्रान्सिस यांनी ते पुन्हा सांगितले. मालकी त्यांनी नाकारली नाही. समाजाचे हे गहाण न फेडता मालकीचा उपभोग घेणे त्यांनी अन्यायाचे मानले.

हा विचार अमूर्त वाटत असेल तर पुन्हा वसईच्या विहिरीकडे यावे. विहिरीचा मालक टँकरला पाणी विकतो तेव्हा त्याला वाटते की तो स्वतःचे पाणी विकतो आहे. कागदावर विहीर त्याची आहे, जमीन त्याची आहे. पण जमिनीखाली बांध नसतात. गोड्या पाण्याचा थर सगळ्या वाड्यांखाली एकच असतो. एका विहिरीवर दिवसरात्र पंप चालला की शेजारच्या, त्याच्याही पलीकडच्या विहिरीत खारेपणा शिरतो, आणि काही वर्षांनी विकणाऱ्याच्या विहिरीतही. रोमचे धर्मशास्त्रज्ञ ज्याला संपत्तीचे सार्वत्रिक प्रयोजन म्हणतात, ते वसईच्या मातीखाली पाण्याच्या रूपात आहे. तिथे खासगी मालकी ही वरच्या काही फुटांपुरतीच खरी असते.

जगाच्या पातळीवरही हेच गणित आहे. ऑक्सफॅम आणि स्टॉकहोम पर्यावरण संस्थेच्या २०२०च्या अभ्यासानुसार १९९० ते २०१५ या काळात जगातल्या सर्वांत श्रीमंत १० टक्के लोकांचा कार्बन उत्सर्जनातला वाटा ५२ टक्के होता. सर्वांत गरीब ५० टक्के लोकांचा वाटा ७ टक्के. नोव्हेंबर २०१३ मध्ये फिलिपिन्सला हैयान वादळाने झोडपले, सहा हजारांहून अधिक माणसे गेली. त्यांतले बहुतेक किनाऱ्यावरचे, तकलादू घरांतले होते. जानेवारी २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस ताक्लोबानला गेले, भर पावसावाऱ्यात त्यांनी तिथे मिस्सा केली आणि पाचच महिन्यांनी 'लाउदातो सी' आले. त्यात उत्तरेच्या देशांवर दक्षिणेचे पर्यावरणीय कर्ज आहे, असे म्हटले आहे. गरीब देशांचे परकीय कर्ज व्याजासह वसूल होते; हे दुसरे कर्ज मात्र कुणाच्या खतावणीत नोंदलेले नाही.

हे विचार कागदावर राहिले नाहीत तेव्हा काय झाले, तेही सांगितले पाहिजे. ब्राझीलच्या पारा राज्यात, अॅमेझॉनच्या जंगलातल्या अनापू या गावाजवळ सिस्टर डोरोथी स्टँग ही अमेरिकेत जन्मलेली धर्मभगिनी भूमिहीन कुटुंबांसोबत काम करत होती. जंगल न तोडता लहान शेतकऱ्यांनी त्यात राहावे आणि त्यावर जगावे, यासाठी सरकारी योजनेतून जमीन मिळावी, हा तिचा आग्रह. गुरांच्या कुरणांसाठी ती जमीन हवी असलेल्यांना हा आग्रह परवडणारा नव्हता. १२ फेब्रुवारी २००५ रोजी जंगलातल्या वाटेवर तिच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. तेव्हा तिचे वय ७३ होते. पुढे मारेकऱ्यांना आणि त्यांना पाठवणाऱ्या जमीनदारांना शिक्षा झाल्या. सिस्टर डोरोथीने नुसती झाडे वाचवली असती तर कदाचित तिचे केवळ कौतुक झाले असते. नुसते गरिबांना अन्न वाटले असते तरीही झाले असते. जंगल आणि भूमिहीन यांचा प्रश्न एकच आहे असे ती म्हणाली, आणि त्याचा अर्थ जमिनीची मालकी बदला असा होता. मारणाऱ्यांना तो अर्थ अचूक कळला होता. २०१९ साली रोममध्ये अॅमेझॉन प्रदेशाविषयी धर्मसभा भरली आणि तिच्या अंतिम दस्तऐवजात पर्यावरणीय पापाची व्याख्या आली. त्याआधी चौदा वर्षे अनापूच्या वाटेवर एका धर्मभगिनीचे रक्त सांडले होते.

आता चर्चकडे वळू. जी संस्था जगाला हिशेब विचारते, तिलाही हिशेब द्यावा लागतो.

१९६७ साली लिन व्हाइट या इतिहासकाराने 'सायन्स' नियतकालिकात एक निबंध लिहिला. पर्यावरणाच्या संकटाची मुळे पाश्चात्त्य ख्रिस्ती विचारात आहेत, असा त्याचा आरोप होता. बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकात माणसाला पृथ्वीवर सत्ता दिली आहे, तिचा अर्थ लूट असा घेतला गेला. त्यानेच असेही सुचवले की असिसीच्या संत फ्रान्सिसला परिसंस्थेच्या अभ्यासकांचा आश्रयदाता संत मानावे. १९७९ साली दुसरे जॉन पॉल यांनी खरोखर तशी घोषणा केली, आणि २०१३ साली अर्जेंटिनाच्या एका कार्डिनलने पोप होताना तेच नाव घेतले. 'लाउदातो सी'ने आरोप टाळला नाही. त्या वचनाचा चुकीचा अर्थ कधी कधी लावला गेला हे त्याने मान्य केले, आणि बागेची मशागत करावी व तिची राखण करावी, या उत्पत्तीतल्याच दुसऱ्या आज्ञेकडे लक्ष वेधले.

पण चूक केवळ अर्थ लावण्याची नव्हती. १४५२ ते १४९३ या काळात पोपांच्या फर्मानांनी पोर्तुगाल आणि स्पेनच्या राजांना समुद्रापलीकडच्या भूमी ताब्यात घेण्याला धर्माचा आधार दिला. त्या आधारावर अमेरिकेतल्या मूलनिवासींची जमीन गेली, जंगल गेले, माणसे गुलाम झाली. व्हॅटिकनने या तथाकथित शोधाच्या सिद्धान्ताचा औपचारिक त्याग केला तो ३० मार्च २०२३ रोजी. वसईही १५३४ पासून १७३९ पर्यंत त्याच पोर्तुगालच्या अमलाखाली होती. इथल्या श्रद्धेचा इतिहास त्या साम्राज्याच्या इतिहासापासून पूर्ण वेगळा काढता येत नाही, आणि म्हणूनच भूमीवरच्या अन्यायाबद्दल बोलताना इथल्या चर्चला अधिक नम्रपणे बोलावे लागते.

आणि भारतात तर विषमतेचे नाव 'जात' असे आहे. डिसेंबर २०१६ मध्ये भारताच्या कॅथलिक बिशप परिषदेने दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर केले. चर्चच्या आतही दलितांना अस्पृश्यता आणि भेदभाव सोसावा लागतो, याची त्यात कबुली होती. समग्र परिसंस्थेचा विचार इथे आणायचा तर पहिला प्रश्न हा की गटार कोण साफ करतो, कचऱ्याच्या डोंगराच्या पायथ्याशी कोण राहतो, सार्वजनिक विहिरीपासून कुणाला दूर ठेवले गेले. हा प्रश्न न विचारता भारतात केलेला पर्यावरणाचा विचार वरच्या जातींच्या अंगणापुरताच उरतो.

स्त्रियांबाबतही शिकवण अपुरी पडते. 'लाउदातो सी' लोकसंख्येला दोष देण्याऐवजी उपभोगाला दोष देते, आणि उत्सर्जनाचे आकडे पाहता ते बरोबरच आहे. पण लोकसंख्येचा विषय निघाला की चर्च एका बाईच्या आयुष्यातला प्रश्न बाजूला ठेवते: मूल कधी व्हावे, किती व्हावीत, हे ठरवण्याचा अधिकार तिला आहे का? १९६८च्या 'हुमाने विते' या पत्राने कृत्रिम संततिनियमनाला विरोध केला, तो आजही कायम आहे. हंडा घेऊन मैलभर चालणारी बाई पर्यावरणाच्या प्रत्येक भाषणात येते. तिच्या पाण्याविषयी बोलणाऱ्याने तिच्या शरीराविषयीचा तिचा शब्दही ऐकला पाहिजे, आणि जिथे निर्णय होतात तिथे तिला जागा दिली पाहिजे.

चर्चला हे विचारताना वसईकरांनी स्वतःलाही विचारावे असे काही आहे. विहिरी पुरेनाशा झाल्या तेव्हा शहराची तहान उत्तरेला सरकली. सूर्या प्रकल्पाची धामणी आणि कवडास ही धरणे डहाणू-पालघर भागातल्या शेतीच्या सिंचनासाठी बांधली गेली. धरणांसाठी आदिवासींची घरे-जमिनी गेल्या. त्याच पाण्यातून आज वसई-विरार आणि मीरा-भाईंदर या शहरांसाठी दररोज ४०३ दशलक्ष लिटर पाण्याची योजना आहे. सिंचनाचे पाणी शहरांकडे वळवण्याला तिथले शेतकरी आणि आदिवासी संघटना विरोध करत आल्या आहेत. २०११च्या जनगणनेत वसई-विरारची लोकसंख्या १२ लाखांवर होती. एवढ्या माणसांना पाणी लागणारच, आणि चाळीतल्या, झोपडीतल्या माणसाला तर ते नळानेच मिळायला हवे. पण आपल्या नळाचे पाणी कुठल्या पाड्याच्या शेतातून आले, हे न विचारता हरित वसईचा अभिमान बाळगणे म्हणजे पत्र अर्धे वाचणे. आपली बावखले बुजू दिली नसती, पावसाचे पाणी गावातच मुरवले असते, तर तिथल्या वारली आदिवासी शेतकऱ्याच्या पाण्यावरचा हा भार कमी झाला असता. आपल्या परिसराची नासाडी आपल्यापाशी थांबत नाही. जो आपल्याहून दुबळा, त्याच्या दारात ती जाऊन बसते.

जुलै २०१८ मध्ये वसई-विरार परिसर पाण्याखाली गेला. नालासोपाऱ्याला रूळ बुडाले, उपनगरी गाड्या थांबल्या, लांब पल्ल्याच्या गाडीतल्या प्रवाशांना बचाव पथकाने बाहेर काढले. वसईजवळच्या मिठागरातल्या वस्तीला पाण्याने वेढले आणि शेकडो माणसे अडकली. पाणी मुरण्याच्या आणि वाहून जाण्याच्या जागांवर ज्यांनी भराव टाकले, त्यांतले किती जण त्या दिवशी छपरावर चढून बसले होते? जे मीठ पिकवतात आणि ज्यांच्या नावावर मिठागराचा एक वाफाही नाही, ते मात्र पाण्यात होते.

म्हणून माझा इशारा चर्चच्या बाहेरच्यांना आहे तसाच आतल्यांनाही आहे. ४ ऑक्टोबर २०२३ रोजी पोप फ्रान्सिस यांनी 'लाउदाते देउम' हे छोटे पत्र लिहिले. आठ वर्षांत पुरेसे काही झाले नाही, ही त्यातली व्यथा. २०२४ हे जगाचे सरासरी तापमान औद्योगिक काळापूर्वीच्या तुलनेत दीड अंशापेक्षा वर गेलेले पहिले वर्ष ठरले. २१ एप्रिल २०२५ रोजी फ्रान्सिस गेले. त्यांच्या जागी आलेल्या पोपनी लिओ हे नाव घेतले आणि त्यामागे 'रेरुम नोव्हारुम' लिहिणाऱ्या तेराव्या लिओची आठवण असल्याचे सांगितले. फादर दिब्रिटोही जुलै २०२४ मध्ये गेले. ज्यांनी हा विचार आपल्या आयुष्याने जोडून धरला होता, ती माणसे एकेक करून जात आहेत. मागे उरले आहेत ते कागद, आणि कागद फाडणे सोपे असते.

पत्र पूर्ण वाचायचे असेल तर धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) सभेत, महापालिकेच्या सभागृहात, गृहसंकुलाच्या बैठकीत काही साधे प्रश्न रोज विचारावे लागतील. ही जमीन आधी कुणाची होती? हे पाणी कुणाच्या वाट्याचे आहे? या भरावाने पाणी कुणाच्या घरात शिरेल? निर्णयाच्या वेळी ती माणसे खोलीत होती का? चर्चच्या संस्थांकडे जमिनी आहेत. त्यांतला एखादा तुकडा विकण्याचा किंवा विकसित करण्याचा निर्णय येईल, तेव्हा हे प्रश्न आधी तिथे विचारले गेले पाहिजेत. तिथे ते टाळले तर बाहेर विचारण्याचा अधिकार उरत नाही. शहराच्या विकास आराखड्यात पाणी मुरण्याच्या जागा कायमच्या राखीव ठेवा, टँकरच्या उपशाला कायद्याने आणि प्रत्यक्षात आळा घाला, मिठागरातल्या आणि नाल्याकाठच्या कुटुंबांना आधी सुरक्षित घर द्या आणि मगच सुशोभीकरणाच्या निविदा काढा, या मागण्यांत धर्मबाह्य काहीही नाही. लिओ तेराव्यांनी कामगाराच्या वेतनाविषयी लिहिले तेव्हाही, हा चर्चचा विषय नव्हे, असे वाटणारे होतेच.

वसईत आज जी थोडी बावखले उरली आहेत, त्यांतल्या एखाद्याच्या काठी पावसाळ्यात उभे राहून पाहावे. वर पाणी स्थिर दिसते. खाली ते सावकाश झिरपत असते, एका वाडीतून दुसऱ्या वाडीत, कुणाचा सातबारा न विचारता. पुढच्या उन्हाळ्यात कुठल्या तरी विहिरीत ते गोडे राहील, बहुधा ज्याला आपण ओळखतही नाही अशा कुणाच्या. ते बावखल बुजवायचे की राखायचे, याचा निर्णय मात्र काठावरच्या माणसाच्या हातात आहे, आणि त्याला फार वेळ उरलेला नाही.